कागदात नसलेलं वाक्य

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि बहिणीला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळं शहर त्याला खणखण म्हणायचं. समोर म्हणायचं, पाठीमागेही म्हणायचं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण हे नाव पडलं होतं आवाजावरून. तो शहराचा दवंडीवाला होता. हातात लाकडी मुठीची पितळी घंटा, अंगात नगरसभेने दिलेला पितळी बटणांचा निळा कोट, आणि गळा असा की बाजाराच्या एका टोकाला त्याने तोंड उघडलं की दुसऱ्या टोकाचा धान्यवाला तराजू तसाच हातात धरून उभा राहायचा.

तो ओरडत मात्र कधीच नसे. ओरडणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हे त्याला मामाने शिकवलं होतं. मामा त्याच्या आधीचा दवंडीवाला. श्वास पोटातून घ्यायचा, वाक्याचा शेवट गिळायचा नाही, आणि कागदात असेल तेवढंच बोलायचं, ही मामाची शिकवण. पहिल्या दोन गोष्टी जमायला त्याला बराच काळ लागला. तिसरी त्याच्या हाडात मुरली. इतक्या वर्षांत त्याने कागदातला एक शब्द गाळला नव्हता की पदरचा एक घातला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता.

घरी मात्र तो इतकं हळू बोलायचा की बायकोला दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागे. शहराला आवाज आणि मला कुजबुज, असं ती शेजारणींना सांगायची. ती गाद्या शिवायची. पुढच्या खोलीत छताला भिडेल असा कापसाचा ढीग, मधे लाकडी पाट, आणि पाटावर बसून वीतभर सुईने जाड दोरा ओढत असलेली ती. संध्याकाळी दवंडीवाला घरी आला की निळा कोट आधी बाहेरच्या खुंटीला टांगायचा, कारण आत नेला तर सकाळी तो कोट मेंढीसारखा दिसे.

घर पुलापलीकडे होतं. नदीच्या अलीकडे जुनं शहर, तटबंदीच्या आतलं, दगडी घरांचं, आणि पलीकडे कामकरी लोकांची वस्ती. गंमत अशी की तिथे राहणारे लोकही आपल्या वस्तीला पलीकडेच म्हणायचे. घरी निघालेला माणूसही "पलीकडे जातो" म्हणून निघायचा.

त्याच्या लहानपणी मामाने पुलावर उभं राहून दवंडी दिली होती की पलीकडची वस्ती आजपासून शहरात धरली जाईल. लोक खूश झाले. आता रस्ते होतील, गटारं होतील, पाणी येईल. पहिल्यांदा आली घरपट्टी. तिच्या मागोमाग दिवाबत्तीची पट्टी आली. दिव्याचे खांब मात्र पुलाच्या मध्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. ही पट्टी, ती पट्टी, दर एकदोन वर्षांनी काहीतरी नवं निघायचं आणि पूल ओलांडून पलीकडे यायचं. हे सगळं ठरवायची नऊ जणांची नगरसभा. या नऊ जणांना निवडून द्यायचा हक्क फक्त तटाच्या आत घर असणाऱ्यांना. पलीकडच्या माणसाला सभेच्या खोलीत जायला बंदी नव्हती. मागच्या कठड्याला टेकून उभं राहायचं, ऐकायचं, आणि तोंड मिटून घरी यायचं.

अर्ज खूप दिले होते लोकांनी. वस्तीतला न्हावी म्हणायचा, "आपले अर्ज फुकट जात नाहीत बरं का. चिटणिसांच्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो, त्याच्याखाली घातलेले मी स्वतः पाहिलेत." चिटणीस म्हणजे नगरसभेचा कारभार पाहणारा अधिकारी, आणि न्हावी त्याची दाढी करायला दर आठवड्याला तिथे जायचा, त्यामुळे ही थापच असेल असं कुणाला छातीठोकपणे सांगता येत नसे.

दवंडीवालाही पट्टी भरायचा, भरताना इतरांसारखाच चरफडायचा. पण सकाळी कोट अंगात चढला की तो शहराचा माणूस. नवा कर जाहीर करायला पलीकडे आला की लोक आधी घंटेकडे बघायचे, मग त्याच्याकडे. त्याला वाटायचं, पाऊस पडतो म्हणून कुणी पागोळीवर रागावत नाही.

मग पाणीपट्टी आली.

जुन्या शहरात नळ घातले होते. डोंगरावरच्या तळ्यातून लोखंडी नळाने पाणी आणून घरोघर खेळवलं होतं. कामाला लागला बेसुमार खर्च, आणि तो भागवायला नगरसभेने सगळ्या शहरावर पाणीपट्टी बसवली. नळ पुलाच्या अलीकडे संपत होते, पट्टी पलीकडेही होती. शिवाय ज्यांचा धंदा पाण्याचा, त्यांना दुप्पट. पलीकडे पाण्याचा धंदा कुणाचा? कपडे धुणाऱ्या बायकांचा. त्या पाणी नदीतून, स्वतःच्या खांद्यावरून आणायच्या.

दवंडीवाल्याने कागद वाचला आणि जाहीर केला. स्पष्ट, ठाशीव, नेहमीसारखा. वस्तीतल्या तिन्ही चौकांत या वेळी घंटेकडे कुणी पाहिलं नाही, सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने त्याच्या एकाच गालाची दाढी केली आणि म्हणाला, उरलेली अर्धी नळ आल्यावर.

त्या धुणाऱ्या बायकांत त्याची ताई होती.

आई लवकर गेली होती, आणि धाकट्या भावाला ताईनेच वाढवलं होतं. नदीकाठी तिची पत्र्याची पडवी, पडवीत भलंमोठं चुलाण, आणि त्यावर तांब्याचा हंडा. हंडा एवढा मोठा की लहानपणी ती भावाला त्यात उभा करून आंघोळ घालायची. अर्ध्या शहराच्या चादरी त्या हंड्यात उकळायच्या. भावाच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी ती त्याला बाळ म्हणायची, आणि पितळी बटणांच्या कोटात असतानाही म्हणायची, तेही चारचौघांत.

पाणीपट्टीच्या दवंडीनंतर तो तिच्याकडे गेला. आता ताई फैलावर घेणार, याची त्याने मनाची तयारी केली होती. ताईने काठीने चादरी खालीवर करता करता एकच विचारलं.

"हे ठरवलं कुणी?"

"सभेनं."

"सभा म्हणजे कोण रे बाळ? माणसं असतील ना? त्यांना नावं असतील, घरं असतील."

एवढी वर्षं 'नगरसभेच्या हुकमावरून' हे शब्द त्याने हजारदा उच्चारले होते, आणि हुकूम देणारी माणसं कोण, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने चिटणिसाला नावं विचारली. चिटणिसाने लगेच सांगितली, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. दवंडीवाला नऊही जणांना ओळखत होता. नऊही घरं एकाच चौकाच्या आसपास होती. त्या चौकात उभं राहून एकदा घंटा वाजवली असती तर नऊ जणांनी आपापल्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं असतं. त्याने येऊन ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, मग मी नाही भरत. मला विचारलं असतं तर कदाचित भरलीही असती.

ताईचं पाहून शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने भरली नाही. न्हाव्याने भरली नाही. सुताराने भरली नाही. बघता बघता निम्म्या वस्तीने हात आखडता घेतला, आणि नगरसभेने जप्तीची माणसं पाठवली.

ती माणसं ताईच्या पडवीत आली तेव्हा हंड्यात इस्पितळाच्या चादरी रटरटत होत्या. ताई म्हणाली, न्यायचा तर न्या, पण आजाऱ्यांच्या चादरी अर्ध्या उकळून काढता येत नाहीत, बसा. माणसं बसली. चादरी उकळून झाल्यावर तिने एकाच्या हातात चादरीचं एक टोक दिलं, दुसऱ्याच्या हातात दुसरं, आणि म्हणाली, पिळा. त्यांनी पिळल्या. वाळत घालायला तिसराही लागला. मग तिने राखेने हंडा आतून बाहेरून लख्ख घासला. परक्या घरी जाणारं भांडं मळकं नको, एवढंच म्हणाली. हंडा काही हातगाडीवर मावेना. शेवटी त्यांनी तो आडवा करून पुलावरून गडगडत नेला, आणि पूल संपेपर्यंत त्याचा ढणढणाट दोन्ही काठांवर ऐकू येत राहिला.

आठवड्याने दवंडीवाल्याच्या हातात लिलावाचा कागद आला. शिवणयंत्र, न्हाव्याची खुर्ची, सुताराची हत्यारं, आणि तांब्याचा मोठा हंडा. चिटणिसाला तो हंडा कुणाचा हे माहीत होतं. कागद देताना तो टेबलावरची दौत इकडची तिकडे करत राहिला.

त्या संध्याकाळी दवंडीवाला बायकोला म्हणाला की नोकरी सोडतो. तिने नेहमीसारखं दोनदा विचारलं नाही, पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं. तिने दोरा दाताने तोडला.

"सोडा की. उद्या दुसरा कुणीतरी हा कागद वाचेल. हंडा जायचा तो जाईलच. तुम्हाला तेवढं बरं वाटेल, बस."

"मग करू काय?"

"ते मी कसं सांगू? घंटा तुमच्या हातात आहे."

एवढं बोलून ती पुन्हा शिवायला लागली. त्याला राग आला, मग राग गेला, आणि राग गेल्यावर जे उरलं ते घेऊन तो झोपला.

सकाळी नगरसभेसमोरच्या चौकात, त्या नऊ घरांच्या मधोमध, त्याने घंटा वाजवली. कागद वाचला. अक्षर न् अक्षर वाचला. लोक वळायला लागले, तेव्हा पोटातून श्वास घ्यायचंही विसरून तो घाईने बोलला.

"हा कर नऊ जणांनी ठरवला. नऊही जण पुलाच्या अलीकडचे आहेत. ज्यांच्या घरातून हे सामान उचललं, त्यांच्यातल्या एकालाही सभेच्या खोलीत बोलायची परवानगी नव्हती."

शेवटचे शब्द त्याने गिळले. आपण काय करून बसलो याची भीती त्याला नंतर वाटली. आधी लाज वाटली ती आवाजाची. मामा असता तर त्याने कान पिळला असता. त्याने पुन्हा घंटा वाजवली आणि तीच वाक्यं पुन्हा सांगितली, या वेळी नीट, शेवटच्या शब्दापर्यंत. वरच्या एका सज्जात एक म्हातारे निवृत्त शिक्षक खुर्ची टाकून बसायचे. ते कठड्यावर वाकून म्हणाले, "परत एकदा सांगता का?" त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. म्हातारबुवा म्हणाले की मला हे माहीत नव्हतं.

खरंच माहीत नव्हतं. अलीकडच्या बऱ्याच लोकांना माहीत नव्हतं. त्यांच्या चादरी धुऊन यायच्या, गाद्या शिवून यायच्या, आणि ही माणसंही आपल्यासारखीच मत देऊन पट्टी भरत असतील असं त्यांनी धरून चाललं होतं. दवंडीवाला त्या दिवशी शहरभर फिरला आणि प्रत्येक ठिकाणी कागदाखाली ती तीन वाक्यं जोडत गेला. पलीकडे पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. तिथल्या पहिल्या चौकात सगळे घंटेची वाट बघत उभे होते. त्याचं बोलणं संपल्यावर न्हाव्याने त्याचा दंड धरून त्याला दुकानात नेलं आणि दोन्ही गालांची दाढी करून दिली. खुर्ची जप्तीत गेली होती, म्हणून उभ्यानेच.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. सभेच्या खोलीत अध्यक्ष आणि चिटणीस दोघंच होते. चिटणीस तापलेला होता.

"कागदात नाही ते तू बोललास."

"साहेब, त्यात खोटं काही आहे का?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. कागदात आहे का?"

"नाही."

अध्यक्ष मात्र शांत होते. ते मऊ आवाजात म्हणाले की गैरसमज होतात, तुझ्या बहिणीचा हंडा चुकून यादीत आला असं समजू आणि आज संध्याकाळी घरपोच करू. तू उद्यापासून कागद आहे तसा वाच. दवंडीवाल्याच्या डोळ्यांसमोर हंडा आला, चुलाणावर बसलेला. त्याने सरळ नाही म्हटलं नाही, हे तो पुढे आयुष्यभर कबूल करायचा. तो म्हणाला, हंडा माझा नाही, ताईचा आहे, तिला विचारून येतो.

ताई शेजारच्या शिवणकामवालीच्या छोट्या पातेल्यांत कपडे उकळत होती. एका पातेल्यात एकच चादर मावत होती. तिने ऐकून घेतलं आणि ती हसली.

"माझा हंडा परत, आणि हिचं यंत्र त्यांच्याकडे? बाळ, तुला मी आंघोळ घातली त्या हंड्यात. अक्कलही त्यातच धुऊन गेली वाटतं."

तो परत गेला, आणि अध्यक्षांना सांगितलं की ताई नको म्हणते आणि मीही. त्यांनी घंटा मागितली. त्याने टेबलावर ठेवली. कोट मागितला. त्याने बटणं सोडून, नीट घडी घालून तोही ठेवला, आणि सदऱ्यावर पूल ओलांडून घरी आला. बायकोने सदऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, बरं झालं, आता बाहेरची खुंटी दुसऱ्या कशाला वापरता येईल. मग तिने त्याला पाणी दिलं आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्याजवळ उभी राहिली.

लिलाव बाजारच्या दिवशी झाला. पुकारा करायला नगरसभेच्या कचेरीतला एक कारकून उभा केला होता. बिचाऱ्याचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. सगळी पलीकडची वस्ती कामं टाकून आली होती आणि गप्प उभी होती. कुणी घोषणा दिली नाही, कुणी शिवी दिली नाही. कारकुनाने शिवणयंत्राची बोली पुकारली. कुणी बोललं नाही. खुर्चीची पुकारली, तेच. हंड्याची पुकारली तेव्हा अलीकडचा एक तांबट पुढे आला. तो खास हंड्यासाठीच आला होता, तांबं अस्सल होतं. त्याने हंड्यावर बोटाने टिचकी मारली, नाद ऐकला, आणि बोली द्यायला मान वर केली, तर समोर ताई. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, हंड्याकडे बघत होती. तांबटाने टोपी डोक्यावर नीट बसवली आणि वाट काढत निघून गेला. त्यानंतर कारकून बराच वेळ पुकारत राहिला. संध्याकाळी सगळं सामान नगरसभेच्या आवारात परत गेलं आणि तिथेच पडून राहिलं.

वाईट दिवस त्यानंतर आले. लिलाव फसला म्हणून नगरसभेने जप्त्या थांबवल्या नाहीत, आणि पट्टीही मागे घेतली नाही. दवंडीवाल्याचा पगार बंद. घर गाद्यांवर चालायला लागलं. पण रोज सकाळी, लोक कामाला निघतात त्या वेळी, तो पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी उभा राहायचा आणि घंटेशिवाय, कोटाशिवाय ती तीन वाक्यं सांगायचा. तिथे उभं राहायला कुणाची मनाई नव्हती. मग घरी येऊन बायकोला कापूस पिंजून द्यायचा.

त्या पिंजण्यानेच घात केला. तंतू घशात जायचे. आधी खोकला आला, मग आवाज घोगरा झाला, आणि एका सकाळी पुलावर त्याने तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. घामाने त्याचा सदरा भिजला. कामावर निघालेले लोक थांबले होते, वाट बघत होते. त्याने पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण कुणीच नाही असं वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून ताई पुढे आली. डोक्यावरचं बोचकं तिने खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी उभी राहून ती तीन वाक्यं म्हणाली. आवाज फाटका होता, आणि शेवट तिनेही गिळला. दवंडीवाल्याने तिच्या पोटाकडे बोट दाखवलं, मग ओठांकडे, आणि मानेने खुणावलं, पुन्हा. भर रस्त्यात तिने पुन्हा म्हटलं. या वेळी बरं जमलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तिसऱ्या दिवशी शिवणकामवाली, मग सुतार, मग न्हावी. न्हाव्याला आधी सक्त ताकीद द्यावी लागली की विनोद करायचा नाही. दवंडीवाला घशाला फडकं गुंडाळून शेजारी उभा राहायचा आणि हाताने शिकवायचा, श्वास इथून, शेवट सोडायचा नाही. बायकोने त्याला कापसाला हात लावायची बंदी केली आणि गाद्यांच्या कडा शिवायला बसवलं. बोटं टोचून चाळण झाली, पण घसा सुटला. महिन्याभराने आवाज परत आला तेव्हा त्याला पुलावर जागाच मिळेना, इतक्या लोकांच्या पाळ्या लागल्या होत्या. तो खूश होऊन मागे उभा राहिला आणि आपण शिकवलेले आवाज ऐकत राहिला.

एका सकाळी पुलावरून काठी टेकत ते म्हातारे शिक्षक आले. त्यांनी विचारलं की अलीकडच्या माणसाला पाळी मिळते का. त्यांनी तीच वाक्यं म्हटली, आणि 'नऊही जण पुलाच्या अलीकडचे आहेत' यापुढे स्वतःचं एक घातलं, की त्यांना निवडून देणाऱ्यांत मीही आहे. त्यांच्यानंतर आणखी आले. तांबट आला. इस्पितळातल्या नर्सबाई आल्या, चादरी वेळेवर मिळत नव्हत्या म्हणून आधी तक्रार करायला आणि मग पाळी लावायला.

पुढच्या निवडणुकीला नऊ जणांतले पाच पडले. नवी सभा बसली, आणि तिने पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या. नळ येईपर्यंत पलीकडे पाणीपट्टी नाही, आणि सभेत पलीकडच्या दोन जागा, तिथल्या लोकांनी निवडून द्यायच्या. दिवाबत्ती आणि बाकीच्या पट्ट्या तशाच राहिल्या. सगळं काही मिळालं नाही. पण जप्तीचं सामान परत आलं. हंडा या वेळी बैलगाडीतून आला. एका बाजूला पोचा पडला होता. तांबटाने स्वतः येऊन तो ठोकून काढला आणि मोबदला घेतला नाही. ताईने त्याची आठवडाभराची धुणी फुकट धुतली, कारण तिला उपकार पचत नसत.

मग चिटणीस पूल ओलांडून आला. गादीवालीच्या खोलीत त्याला बसायला एक न शिवलेली गादी मिळाली. त्याने घंटा आणि कोट आणला होता. सभेची इच्छा आहे की तू परत यावंस, म्हणाला. दवंडीवाल्याने एक अट घातली. यापुढे जो कर जाहीर होईल, त्याच्या कागदाखाली तो कुणी कुणी ठरवला ती नावं हवीत. म्हणजे ती मला पदरची घालावी लागणार नाहीत. चिटणीस विचारात पडला. उठला तेव्हा पाठीमागून पुरता कापसाने माखला होता. पण पुढच्या कागदाखाली नावं होती.

पलीकडच्या दोन जागांवर सुतार आणि न्हावी निवडून आले. लोकांनी दवंडीवाल्याला उभं राहायचा खूप आग्रह केला होता, पण त्याने ऐकलं नाही. मी ठरवायला लागलो तर सांगणार कोण, म्हणाला. वर्षभरात सभेने रस्त्यांसाठी एक नवी पट्टी बसवली, आणि तिच्या बाजूने मत देणाऱ्यांत न्हावीही होता. दवंडीवाल्याने पलीकडच्या चौकात न्हाव्याचं नाव इतकं स्पष्ट घेतलं की त्या दिवशी दुकानात दाढीसाठी कमी आणि जाब विचारायला जास्त लोक आले. न्हाव्याने प्रत्येकाला साबण लावून, वस्तरा हातात घेऊन रस्त्याचं महत्त्व पटवून दिलं. पुढे रस्ता खरंच झाला.

एवढं सगळं होऊनही ताईला मत मिळालं नव्हतं; दोन्ही काठांवर मत द्यायचे ते पुरुषच. बायकांचं नंतर बघू, असं सभेने म्हटलं होतं. दवंडीवाल्याने परत कामावर रुजू झाल्यावर जी पहिली दवंडी दिली, तिच्या शेवटी ठरवणाऱ्यांची नावं सांगून झाल्यावर एक श्वास घेतला आणि म्हणाला, "यांच्यात बाईमाणूस एकही नाही." हे कागदात नव्हतं. चिटणिसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि खिडकी लावून घेतली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक कराच्या दवंडीला तो हे वाक्य जोडत राहिला, आणि कुणी त्याचा कोट काढून घेतला नाही.

बायकांना मत मिळालं तेव्हा ताई पुरती वाकली होती आणि हंडा तिच्या सुनेकडे गेला होता. मतदानाच्या दिवशी तिने धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घातले आणि भावाला हात धरायला बोलावलं. दोघं पुलावरून सावकाश चालत गेले. लोक बाजूला होऊन वाट देत होते. आत ती एकटी गेली आणि इतका वेळ लावला की मागे रांग लागली, पण कुणी घाई केली नाही. बाहेर आली तेव्हा ताठ उभी राहायचा तिने प्रयत्न केला आणि तो बराचसा जमला.

दवंडीवाल्याने तिच्या कानाशी वाकून विचारलं की मत कुणाला दिलंस.

"तुला कशाला सांगू, बाळ?" ताई म्हणाली. "तू शहरभर सांगशील."